खांडेनवमीचा साबण

चंपतरावांच्या नाकाची कीर्ती सक्करदऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत होती, आणि ती काही त्यांनी स्वतः पसरवलेली नव्हती. जरीपटक्यातल्या ज्या मोटार गॅरेजात त्यांनी सव्वीस वर्षं काढली, तिथले शेटजीच गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे, "हमारे पास मशीन नहीं है साहब, हमारे पास चंपतराव है." गाडी फाटकातून आत येते न येते तोच हा माणूस हात पाठीमागे बांधून नुसता उभा राहायचा, दोनदा नाकपुड्या हलवायचा आणि सांगायचा, "क्लच जळून राहिला," नाहीतर "वायर तापली कुठंतरी, बॅटरी काढा आधी." एका वकीलसाहेबांच्या गाडीत तर बिघाड काहीच नव्हता; मागच्या सीटखाली आठवडाभरापूर्वी विसरलेला जेवणाचा डबा होता. तोही चंपतरावांनीच काढून दिला, आणि वकीलसाहेबांनी तो मुकाट्याने घेतला.

अशा माणसाचं नाक गेलं तर त्याने काय करावं? चंपतरावांनी एवढंच केलं, की कोणाला सांगितलं नाही.

नोकरीतून मोकळे झाल्यावरच्या पहिल्याच माघात त्यांना ताप आला, अकरा दिवस राहिला, आणि जाताना नाक घेऊन गेला. हे कळलं ते स्टोव्हवरचं दूध करपलं तेव्हा. चंपतराव स्टोव्हपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्या पत्नी जयवंताबाई अंगणातून ओरडत आल्या, "नाकावर धोंडा ठेवला का जी? सारं घर भरलं ना जळक्या वासानं!" चंपतराव म्हणाले, बातमीत लक्ष होतं. मग दुपारी बाई झोपल्यावर त्यांनी कापराची डबी हुंगली, हिंगाची हुंगली, शेवटी घासलेटचा डबा उघडून त्यावर तोंड धरलं. काही नाही. पाण्याच्या माठावर तोंड धरल्यासारखं.

वास येत नाही म्हणून माणूस मरत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मरण्यापेक्षा काही गोष्टी जड जातात. गल्लीतली माणसं अजून स्कूटर ढकलत त्यांच्या दारी आणायची, आणि ती काही त्यांच्या चष्म्यासाठी नव्हे. चंपतराव कानाने आणि बोटांनी काम भागवू लागले, राहिलेलं अंदाजाने ठोकू लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची. जेवायला बसलं की न चुकता म्हणायचे, "वा, कढीचा वास मस्त सुटला." जयवंताबाई खूश व्हायच्या.

एक गोष्ट मात्र अंदाजाने भागेना. आषाढात त्यांची लेक पुष्पलता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगी झाली. जयवंताबाई त्या नखाएवढ्या जिवाला उचलायच्या, टाळूला नाक लावायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "कसा वास येते वं माझ्या बाईचा!" चंपतरावांनी एकदा खोलीत कोणी नाही असं पाहून तसंच केलं. एकदा नाही, तीनदा केलं. मग ते नातीला पाळण्यात ठेवून गाडीच्या शेडमध्ये गेले आणि तिथे बसून रडले. एकसष्ट वर्षांचा माणूस नातीच्या डोक्याचा वास येत नाही म्हणून रडला. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

शेडमध्ये होती ती बासष्ट सालची फियाट, राखी रंगाची. धरमपेठेतल्या एका डॉक्टरांनी नवी गाडी घेतली तेव्हा ही चंपतरावांना दिली; इतकी वर्षं तुम्हीच सांभाळली, आता तुम्हीच ठेवा, म्हणाले. गल्लीत दुसरी मोटार नव्हती. दसऱ्याच्या मुहूर्तावर लेकबाळ सासरी, मौद्याला, पोचवायचं ठरलं, तेव्हा जावयाने पत्र टाकलं होतं की मी येतो आणि एसटीने घेऊन जातो. चंपतरावांनी उलट टपाली कळवलं, एसटीची धूळ तीन महिन्यांच्या पोरीला कशाला, मी माझ्या गाडीने आणतो.

ही अठ्ठ्याहत्तर सालच्या खांडेनवमीची सकाळ. चंपतरावांनी रिवाजाप्रमाणे हत्यारं बसवली. सगळे पाने, पेचकस, पकडी आणि बारकी कानस घासलेटमध्ये धुतली, पुसली, पाटावर लाल कापड टाकून ओळीने मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादाने सांगून ठेवलं होतं, "साल में एक दिन लोहे को भी छुट्टी दे, बेटा." एकदा बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला ओवाळल्याशिवाय उचलायचं नाही. चाळीस वर्षांत चंपतरावांनी हा नियम मोडला नव्हता. हत्याराला एक दिवस मान दिला की वर्षभर ते हातातून सटकत नाही, असं ते म्हणत.

आणि नेमक्या त्याच दुपारी जयवंताबाई बाळाच्या शेगडीसाठी गोवऱ्या आणायला शेडमध्ये गेल्या आणि रिकाम्या हाताने परत आल्या.

"आयकलं का जी? शेडात पेट्रोलचा वास येऊन राहिला."

चंपतरावांना कसलाही वास आला नव्हता. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मले सकाळीच आला होता. पाहतो म्हटलं निवांत."

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलाचं त्याच्यात? मले समजलं ना."

खोटं बोलायची माणसाला इतकी सवय होते, की खरं बोलण्यापेक्षा ते सोपं जातं. बाई म्हणाल्या, "बाप्पा, तुमचं नाक म्हणजे!" आणि गोवऱ्या घेऊन गेल्या.

चंपतरावांनी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि नाकाचं काम डोळ्यांवर टाकलं. पंपाकडून कार्बोरेटरकडे पेट्रोल नेणारी रबराची वीतभर नळी असते. तिच्यावर एका ठिकाणी धूळ ओली होऊन बसली होती. बोटाने पुसलं तर क्लिपेजवळच्या वळणावर केसाएवढी चीर दिसली आणि तिच्यात पेट्रोलचा मोती फुगला. काम दहा मिनिटांचं. क्लिप ढिली करायची, चिरलेला अर्धा इंच कापायचा, उरलेली नळी पुन्हा बसवून क्लिप आवळायची. पण त्याला पेचकस लागतो, आणि पेचकस पाटावर हळदकुंकू लावून बसला होता.

दुसऱ्याचा आणावा, तर शेजारच्या बाबाराव मास्तरांच्या घरी पेचकस म्हणजे जेवायचा चमचा. शिवाय मागायला गेलं की अख्खी गल्ली जमणार, चंपतराव काय हुंगतात ते पाहायला.

मग त्यांनी ट्रकवाल्यांची युक्ती केली. रस्त्यात टाकी गळाली की ट्रकवाले तिथे कपड्याचा साबण चोळतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घट्ट बसतो. चंपतरावांनी मोरीतून साबणाची वडी आणली, अंगठ्याने मळून मऊ केली, चिरेत दाबून भरली आणि वरून सुती चिंधी करकचून गुंडाळली. दहा मिनिटं इंजिन चालवलं. थेंब नाही. तरी खात्री नको? त्यांनी बाईंना हाक मारली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "गेला ना वास?"

बाईंनी शेडच्या दारातच नाक वर केलं. "गेला बाप्पा, साफ गेला."

उद्या पूजा झाली, हत्यार उचललं, की निघण्याआधी नळी कापून टाकू, असं ठरवून चंपतराव आत गेले. साबणाबद्दल त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे मग सगळंच सांगावं लागतं.

दसऱ्याच्या सकाळी ते सायकलने बुधवार बाजारात झेंडू आणि आपट्याची पानं आणायला गेले. परत येतात तो जयवंताबाई पदर खोचून, बादली घेऊन शेडमध्ये. गाडी न्हाऊन निघाली होती. टपावरून पाणी, दारांतून पाणी, आणि बॉनेट सताड उघडं.

"आतून पण धुतली जी," बाई कौतुकाने म्हणाल्या. "वर्षाचा मळ होता मशिनीवर. आज देव ना ती? देवाले का वरून वरून धुतात? चांगले सात-आठ तांबे ओतले."

गाडी पुजायची तर इंजिनासकट आंघोळ घालायची, हे आपल्याकडच्या माणसांनाच सुचतं. आणि त्यात त्यांचं चुकलं काय? साबणाला पेट्रोल चालतं, पाणी चालत नाही, हे ज्याला ठाऊक होतं तो गप्प बसला होता.

चंपतरावांनी चिंधीला हात लावला. चिंधी जागेवर होती. दाबली तर फेस आला. आत साबण उरला होता का, तो सगळाच धुऊन गेला होता, हे काही केल्या कळेना. तेवढ्यात बाहेरून हाका सुरू झाल्या. फाटकासमोर पुष्पलतेने रांगोळी काढली होती आणि गाडी तिथे आणायची होती. त्यांनी गाडी सुरू केली, शेडमधून फाटकापर्यंत आणली, बंद केली आणि उतरून पुन्हा आत वाकले.

चिंधीतून थेंब पडत होते. पण थेंब कुठून पडत नव्हते? पंख्यावरून पडत होते, बॅटरीवरून पडत होते. चिंधीचा एक थेंब त्यांनी बोटावर घेतला. बुळबुळीत लागला, साबणाचं पाणी असेल. पांढरट दिसला, तेही साबणानेच. बोट नाकाशी नेलं. कोणत्याही शेंबड्या पोराला एका क्षणात कळलं असतं ते चंपतरावांना कळेना. चाळीस वर्षं मोटारीत गेली होती आणि पाणी कोणतं, पेट्रोल कोणतं, हे त्यांना ओळखू येत नव्हतं. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि ती कोणी पाहिलीही नव्हती.

विचारायला बाई आत गेल्या होत्या, ताट तयार करायला. पुष्पलता नवं लुगडं नेसून, बाळाला घेऊन पुढच्या सीटवर बसली. आईनेच तसं सांगितलं होतं, की लेकरू, लेकरवाळी आणि गाडी, सगळ्यांना एकदमच ओवाळते. बॉनेट उघडंच राहणार होतं, कारण इंजिनाला कुंकवाचं बोट लावायची गॅरेजातली रीत चंपतरावांनीच घरात आणली होती. बाबाराव मास्तर बिडी ओढत पूजा पाहायला आले आणि रांगोळी सांभाळून गाडीजवळ उभे राहिले.

आता चंपतरावांनी काय हिशेब केला, तो ऐका. त्यांनी मनाशी म्हटलं, माझं नाक गेलं, बाकीच्यांची तर शाबूत आहेत. पुष्पी गाडीत बसली आहे. बाबाराव दोन हातांवर आहे. पेट्रोल गळत असतं तर कोणीतरी बोललं असतं. कोणी बोलत नाही, म्हणजे वास नाही. वास नाही, म्हणजे साबण टिकला.

हिशेब चोख होता. त्यांना थोडं हायसंही वाटलं.

जयवंताबाई ताट घेऊन पायऱ्या उतरल्या. नारळ, लिंबू, कुंकू, अक्षता, आणि मधोमध पेटलेलं निरांजन. वारा लागू नये म्हणून त्यांनी ज्योतीला हाताची ओंजळ धरली होती आणि पावलं जपून टाकत होत्या.

आणि त्याच वेळी चंपतरावांची नजर बाबारावांकडे गेली. बाबारावांनी बिडी गटारात फेकली.

आता बिडी कोणीही फेकतो. पण बाबाराव मास्तर बोट भाजेपर्यंत बिडी ओढणारा माणूस. बत्तीस वर्षांच्या शेजारात चंपतरावांनी त्यांना अर्धी बिडी टाकताना पाहिलं नव्हतं. ही तर नुकती पेटवलेली, दोन झुरक्यांची. बिडी फेकून मास्तर तीन पावलं मागे सरकले, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने आभाळाकडे पाहू लागले.

चंपतरावांना सगळं एकदम समजलं. बाई बॉनेटपासून चार पावलांवर होत्या.

ते धावले. कसे धावले हे त्यांनाही नंतर आठवेना. "थांब!" असं ओरडले आणि बाई थांबायच्या आत त्यांनी ताटातली ज्योत उघड्या चिमटीत पकडून विझवली. ताट कलंडलं, कुंकू रांगोळीवर सांडलं, नारळ गडगडत गेला.

दसऱ्याचा दिवस, लेक सासरी निघालेली, आणि घरच्या कर्त्याने ओवाळणीचा दिवा हाताने विझवला. फाटकापाशी जमलेल्या बायकांपैकी कोणीतरी "अगं बाई" म्हणालं आणि तोंडावर पदर घेतला.

"काय केलं जी हे!" कलंडलेलं ताट सावरत जयवंताबाई म्हणाल्या.

"पुष्पे, उतर. पोरीले घेऊन पायरीवर जा. जा आधी!" ती उतरून दूर गेली. मग चंपतराव वळून बाबारावांना म्हणाले, "बिडी काहून फेकली गा?"

मास्तर चाचरले. "वास येऊन राहिला होता ना पेट्रोलचा. चांगला घमघमून राहिला होता."

"मंग बोलला काहून नाही?"

"तू उभा होता ना तिथंच! तुझ्यासमोर मी काय नाक चालवू? म्हटलं चंपत काही बोलत नाही, तं असन काही मोटारीचं. पण बिडी मात्र फेकली बाप्पा, आपला जीव आपल्याले."

"मले पण आला होता बाबा," पायरीवरून पुष्पलता म्हणाली. तिने बाळाला छातीशी आवळून धरलं होतं. "म्हटलं, बाबा आहेत ना."

जयवंताबाईंनी विझलेल्या निरांजनाकडे पाहिलं. "मले दारातच आला. पण काल मी सांगतलं तं तुम्ही म्हणाले, मले सकाळीच आला होता. आज मंग कोणत्या तोंडानं सांगू?"

म्हणजे सगळ्यांना वास येत होता, आणि ज्याला येत नव्हता त्याच्या तोंडाकडे सगळे पाहत होते. चंपतराव गाडीच्या मडगार्डला टेकले.

"मले वास येत नाही," ते म्हणाले. "माघातल्या तापापासून. पेट्रोलचा नाही, कशाचाच नाही. मी खोटं बोलून राहिलो होतो. काल नळी फुटली होती, तिले साबण लावला, आणि तेही सांगतलं नाही. चूक माझी आहे. पोरीले काही झालं असतं तं..."

गल्लीच्या टोकाला कुठेतरी ताशा वाजत होता.

मग जयवंताबाई ताट पायरीवर ठेवून घरात गेल्या. रागावून गेल्या असंच सगळ्यांना वाटलं, आणि चंपतरावांनाही. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो पाट होता, लाल कापड आणि हत्यारांसकट.

"घ्या. करा नीट."

चंपतराव पाटाकडे पाहत राहिले. "ओवाळणी झाली नाही अजून. बसवलेलं हत्यार आहे."

"लेकराच्या पायी उचललं तं कोणता देव रागावते? रागावला तं मी पाहून घेईन. उचला."

चंपतरावांनी पाटाला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि झेंडूचं फूल बाजूला करून पेचकस उचलला. चाळीस वर्षांचा नियम मोडला. लोखंड काही बोललं नाही. मुठीवरचं ओलं कुंकू त्यांच्या तळव्याला लागलं.

पहिल्यांदा त्यांनी बॅटरीची तार काढली आणि सांडलेलं सगळं कोरड्या फडक्यांनी टिपलं. आश्विनातलं ऊन चांगलं होतं. बॉनेट उघडं टाकून पाव तास गाडी तशीच वाळू दिली. चिंधी काढली तर चिरेत साबणाचं नाव नव्हतं. चिरलेला तुकडा त्यांनी कापला, उरलेली नळी फुंकून पाहिली, कार्बोरेटरच्या तोंडावर चढवली आणि क्लिप आवळली. तार जोडून इंजिन सुरू केलं. इथवर त्यांचं काम होतं. पुढचं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणजे नाकात नव्हतं.

"ये वं," ते बायकोला म्हणाले. "तू पाहा."

जयवंताबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा इंजिनात डोकं घातलं. लुगड्याचा पदर घट्ट धरून त्या वाकल्या आणि मोठ्याने श्वास ओढला.

"येते?"

"थोडाक."

"कुठून? डाव्या हाताकडून का उजव्या?"

"असं कसं सांगू? वासाले का हात असतात?"

"नाक जवळ ने हळूहळू. तिथं नाही, तो पंखा आहे. हां, इथं. आता?"

बाई नळीवरून नाक फिरवत गेल्या. मग एकदम म्हणाल्या, "इथं! इथून येते!" त्या आवाजात जो आनंद होता तो चंपतरावांच्या ओळखीचा होता. तरुणपणी, पहिल्यांदा उस्तादासमोर गळती सापडली, तेव्हाचा.

त्यांनी क्लिप आणखी अर्धा आटा फिरवली. "आता?"

"आता... नाही. नाही येत."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? माझं नाक का तुमच्यासारखं आहे?"

बाबाराव मास्तर खो खो हसले. मग चंपतरावही हसले. पुष्पलतेने बाळाला आजीकडे देऊन स्वतः हुंगून पाहिलं. मास्तरांनीही चष्मा सावरत हुंगलं आणि पोराचा पेपर तपासल्यासारखी मान हलवली. इंजिन अर्धा तास चालू ठेवलं, दर पाच मिनिटांनी कोणीतरी नाक घालत होतं. चीर गेली होती.

मग जयवंताबाईंनी दिवा पुन्हा लावला. बॉनेट बंद, आणि तरीही त्या गाडीजवळ यायला तयार नव्हत्या. त्यांनी वरच्या पायरीवरूनच गाडीला ओवाळलं आणि कुंकवाचं बोट चंपतरावांनी जाऊन लावलं. पाटावरच्या हत्यारांना ओवाळलं. आणि मग कोणाच्या ध्यानीमनी नसता त्यांनी नवऱ्याला समोर उभं करून त्यांनाही ओवाळलं. ओवाळताना हळूच, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आठ महिने माझ्या कढीले खोटं बोलले तुम्ही. ते मी विसरणार नाही."

"कढी चांगलीच राहते," चंपतराव म्हणाले. "चव कमी लागते, पण गरम राहते."

"चूप बसा."

चाकांखाली लिंबं ठेवून गाडी निघाली तेव्हा साडेअकरा झाले होते. पुढे पुष्पलता आणि बाळ, मागे जयवंताबाई आणि जावयाकडे द्यायची सोन्याची, म्हणजे आपट्याच्या पानांची, टोपली. चंपतरावांनी पारडी नाक्यावर एकदा गाडी थांबवली आणि विचारलं, "येते का?" दोघी म्हणाल्या, नाही. अर्ध्या वाटेत एका कडुलिंबाखाली पुन्हा थांबवली. नाही. ते पुनःपुन्हा बजावत होते, की कोणी गप्प राहायचं नाही. शंका आली तरी बोलायचं, खोटी निघाली तरी चालेल. आपण एवढं मोकळेपणाने बोलतो आहोत याचं त्यांना मधूनच आश्चर्य वाटत होतं.

कन्हानच्या पुलाच्या अलीकडे त्यांनी तिसऱ्यांदा गाडी बाजूला घेतली. पलीकडे मौदा दिसत होतं. पुष्पलता उतरली, बाळाला चंपतरावांच्या हातात दिलं आणि बॉनेटमध्ये वाकली.

"नाही बाबा. कोरडं ठणठणीत."

चंपतरावांनी मान हलवली. पोर झोपेत होती. सवयीने त्यांचं तोंड तिच्या टाळूकडे गेलं, आणि तिथेच थबकलं. वर पाहिलं तर लेक त्यांच्याकडे बघत होती. आदल्या दिवसापर्यंत ते म्हणाले असते, "वा, कसा गोड वास येते." त्यांनी तसं म्हटलं नाही.

"हिचा कसा येते वं?" त्यांनी विचारलं.

पुष्पलतेला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिने पदराने नाक पुसलं, जवळ येऊन बाळाच्या डोक्याशी तोंड नेलं आणि आईने नळीवर घेतला होता तसा सावकाश, नीट श्वास घेतला.

"दुधाचा येते," ती म्हणाली. "खोबरेल तेलाचा. गोवरीच्या धुराचा, थोडासा." मग तिने पुन्हा हुंगलं आणि भरल्या डोळ्यांनी हसली. "अन् पेट्रोलचा पण येते बाबा आज. तुमच्या हाताचा."

मागच्या सीटवरून जयवंताबाई ओरडल्या, की आता पुरे झालं हुंगणं, तिकडे व्याही जेवायचे थांबले असतील. चंपतरावांनी बाळाला लेकीकडे दिलं आणि गाडी पुलावर घातली.